सुयांचा गुण, पुड्यांचे काय?

इंदिरानगरकर : "नाशिकच्या कॉलेज रोडच्या त्या चिनी उपचारकाकडे जाणारे सगळे भोळे आणि तो पक्का भोंदू" असे काल येथे ठोकून देण्यात आले, म्हणून हे सविस्तर उत्तर. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या माझ्या आईला त्याने जीभ दाखवायला सांगितली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून नाडी पाहिली आणि गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, ॲक्युपंक्चरच्या ठरलेल्या बिंदूवर, सुई लावली. तेथे दुखले नाही, जडपणा आला, आणि तो यायलाच हवा असे त्याचे म्हणणे. आता ती कोणाचा हात न धरता गोदाघाटाच्या पायऱ्या उतरते. ती भोळी असेल, पण गुडघा तिचा आहे.

सातपूरचा फिटर : भोंदू मीच म्हटले होते आणि अजूनही म्हणतो. माझ्या कंबरेसाठी सगळ्या बैठकांचे पैसे आगाऊ घेतले, फरक पडला नाही तेव्हा "तुमच्या यकृतातली 'ची' (चिनी वैद्यकातली प्राणशक्ती) अडली आहे" असे ऐकवून आणखी बैठका सुचवल्या. २००७ साली जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. योग्य बिंदूंवर सुया लावलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना आराम पडला, तर भलत्याच ठिकाणी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना. मग बिंदूंचे शास्त्र राहिले कोठे?

इंदिरानगरकर : त्याच चाचणीत औषधे आणि व्यायाम यांवर ठेवलेल्यांपैकी केवळ २७.४ टक्क्यांना आराम पडला, हा आकडा आपण सोयीस्करपणे गाळलात.

वैद्यकन्या, पंचवटी : सुयांवर भांडत बसा, पण सोबत मिळणाऱ्या तपकिरी पुड्यांविषयी दोघेही गप्प का? राज्यात ॲक्युपंक्चरचा कायदा आहे, परिषद आहे. पण ती नोंदणी सुयांची आहे, वनस्पतींच्या चूर्णाची नव्हे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस ब्रुसेल्समध्ये वजन घटवण्यासाठी दिलेल्या चिनी वनस्पतींत एका मुळीच्या जागी ॲरिस्टोलोकिया वर्गातील विषारी मुळी गेली आणि कित्येक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे आपल्या आईंच्या रक्तातले क्रिएटिनिन शेवटचे कधी तपासले?

इंदिरानगरकर : ताई, पंचवटीतले वैद्य कागदात बांधून देतात त्या पुड्यांवर घटक छापलेले असतात काय? परक्याची पुडी विषारी आणि आपली अमृत, हा न्याय मला समजत नाही. हिवतापावरचे आर्टेमिसिनिन चिनी वनस्पतीतूनच निघाले आणि त्याबद्दल चिनी संशोधिका तू यूयू यांना २०१५ चे नोबेल मिळाले, हेही सांगा की!

वैद्यकन्या, पंचवटी : नोबेल मिळाले ते वेगळ्या काढलेल्या, मोजलेल्या, तपासलेल्या रेणूसाठी, पुडीसाठी नव्हे. आणि माझ्या घरावर घसरण्यापूर्वी एवढे ऐका : माझ्या सासूबाईंनी सांधेदुखीसाठी एका जडीबुटीवाल्याकडून काळ्या गोळ्या घेतल्या, दुखणे चुटकीसरशी थांबले, आणि काही महिन्यांत चेहरा सुजून साखर वाढली. गोळ्या तपासल्यावर त्यांत स्टिरॉइड निघाले. त्याही "गुण आला, गुण आला" असेच सांगत होत्या. म्हणून मी पुडी चिनी की देशी हे पाहत नाही, आत काय आहे ते विचारते. माझे वडील मागितल्यावर लिहून देतात. आपला उपचारक देतो का?

सातपूरचा फिटर : मी विचारले होते. "गुप्त नुस्खा आहे" असे उत्तर मिळाले.

इंदिरानगरकर : ठीक आहे, आपल्या विद्वत्तेला वंदन. घटक लेखी मागतो. मिळाले नाहीत तर पुड्या बंद, सुया मात्र चालूच राहतील, कारण त्यांनी आईचे काही बिघडवलेले नाही. पण फिटरसाहेब, आगाऊ पैशांची पावती आपण घेतली होती का, हे आपण अजून सांगितलेले नाही.

सातपूरचा फिटर : मागितली होती, मिळाली नाही. आपल्या आईंना मिळते का, तेही घटकांबरोबरच विचारून घ्या.