जुन्या मॅसी ३५ ट्रॅक्टरचं गिअर ऑइल बदलायचंय, कुठलं टाकू?

पानाबहाद्दर:
मंडळी, जुनी मॅसी ३५ घेतलीय, आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं होतं देव जाणे. गेज (ऑइल मोजायची पट्टी) काढून बघितलं तर ऑइल पार दुधाळ झालंय, म्हणजे पाणी शिरलंय, आणि गार असताना लिफ्ट (मागची अवजारं उचलणारे हात) उचलायला लय वेळ लावते. मेकॅनिक म्हणतो १४० नंबर टाका, जाड असलं की गिअरचा आवाज दबतो. दुसरा म्हणतो आधी डिझेलने धुवा. कुणाचं ऐकू? आणि लागेल किती?

लोखंडी_घोडा:
१४० चं नावच काढू नका. या ट्रॅक्टरला गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रोलिक सगळ्यांना एकच ऑइल, पंप त्यातच बुडालेला असतो, एवढं जाड ऑइल गारठ्यात तो ओढणार कसा? आवाज दबेल पण लिफ्ट अजून रडेल. ट्रॅक्टरचं ट्रान्समिशन-हायड्रोलिक ऑइल मिळतं ते घ्या, साधारण ३० लिटर धरून चला पण भरताना गेजवर बघूनच भरा. जास्त झालं तर एक्सलच्या सीलवर येतं आणि मग ब्रेक शू भिजतात. आणि डब्यावर जीएल-५ लिहिलेलं गिअर ऑइल टाळा, त्यातल्या काही ॲडिटिव्हने पितळी बुश खराब होऊ शकतात.

काळेहात:
वरच्यांशी सहमत. फक्त ड्रेन खोलायच्या आधी भरायचा प्लग सुटतोय का ते बघा, नाहीतर ऑइल खाली आणि वरचं झाकण जाम, मग बसा. ट्रॅक्टर चांगला गरम करून मग सोडा, लिफ्टचे हात खाली ठेवा. ड्रेन प्लग एकापेक्षा जास्त आहेत, पोटाखाली चिखलाने बुजलेले असतात, सगळे सोडा, एकच सोडला तर अर्धं पाणी आतच राहतं. तळाशी राखाडी लगदा निघाला तर घाबरू नका, ती नेहमीची झीज असते, पण बोटाला टोचणारे तुकडे किंवा पितळेची पिवळी चमक दिसली तर मात्र गिअरबॉक्स उघडावा लागेल.

पानाबहाद्दर:
आणि डिझेलचं काय?

लोखंडी_घोडा:
मी तरी नाही टाकत. कानाकोपऱ्यात उरतं आणि नवीन ऑइल पातळ करतं. टाकलंच तर डिझेलवर ट्रॅक्टर चालवायचा नाही, बेअरिंगला वंगण नसतं. त्यापेक्षा स्वस्तातलं ऑइल भरा, थोडं काम करा, गरम असतानाच काढा आणि मग चांगलं भरा. पंपाची जाळी पण साफ करून घ्या, लिफ्टचं अर्धं दुखणं तिथेच असतं.

काळेहात:
पाणी आलं कुठून ते बघितलं का पण? गिअर लिव्हरचं रबर फाटलं असेल तर पाऊस थेट आत जातो. ते आधी बदला, नाहीतर ३० लिटर नवीन ऑइल पुन्हा दुधाळ होणार.

पानाबहाद्दर:
आत्ता बघून आलो, रबर नावालाच आहे, बोट आरपार जातं. ते आलं की मगच ऑइल सोडतो.