आयनार हॉयगोर्ड: इतिहासकार म्हणून मोठा की लढवय्या शिक्षक म्हणून?

वाचनवेडा:
हॉयगोर्ड (१९०७–१९४३) हा नॉर्वेतला शिक्षक आणि शिक्षणाचा इतिहासकार. पण त्याचं नाव निघालं की नाझींविरुद्धच्या शिक्षकांच्या लढ्यातला एक म्होरक्या, एवढंच सांगितलं जातं. मला हे पटत नाही. ११५३ पर्यंत मुळं जाणाऱ्या ऑस्लो कॅथेड्रल शाळेचा इतिहास त्याने लिहिला. तो निघाला १९४२ मध्ये, म्हणजे नाझींच्या ताब्यातल्या नॉर्वेत त्यांचा हस्तक क्विसलिंग याचं सरकार शाळा गिळायला निघालं त्याच वर्षी. नॉर्वेतल्या शाळांच्या इतिहासावरचं पुस्तक तर तो गेल्यावर, १९४७ ला आलं. इतकं काम बाजूला कसं सारता?

कोकणकडा:
असहमत. शाळांचे इतिहास लिहिणारे पुष्कळ असतात. फेब्रुवारी १९४२ मध्ये क्विसलिंगने दहा ते अठरा वयाच्या मुलांना आपल्या नाझीधार्जिण्या पक्षाच्या युवक सेवेत ओढायचा कायदा केला, शिक्षकांवर आपली संघटना लादली. जुन्या संघटना हातातून गेलेल्या, म्हणजे ठराव करायलाही जागा नाही. तेव्हा हजारो शिक्षकांनी काय केलं? या संघटनेत आम्ही नाही, असा एकच छोटा मजकूर, खाली स्वतःचं नाव आणि पत्ता, आणि प्रत्येकाचं पत्र वेगळं, थेट सरकारी खात्याकडे. पकडायला या म्हणून पत्ता देण्यासारखंच हे! अशा लढ्यातल्या माणसाची ओळख लढ्यानेच होणार.

मास्तरीण:
दोघंही एकाच माणसाभोवती घुटमळताय. मार्चमध्ये सुमारे अकराशे पुरुष शिक्षक पकडले गेले. छावणीत हाल, मग पाचशेच्या आसपास जणांना ‘शेर्स्टाड’ बोटीत कोंबून पार उत्तरेला किर्केनेसला नेलं. जर्मन फौजेसाठी धक्क्यावर माल उतरवायचा, डोक्यावर रशियन विमानं. गावोगावचे साधे मास्तर हे, घरी बायकापोरं. हॉयगोर्डसारख्या म्होरक्यांनी ऑस्लोत बसून पत्राचा मजकूर ठरवणं त्या मानाने सोपं.

कोकणकडा:
ताई, ‘सोपं’ हा शब्द मागे घ्या. हॉयगोर्ड गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, ताब्यात असताना गेला.

मास्तरीण:
त्याच्या मरणाचा मान आहेच, पण ‘त्या मानाने’ म्हटलंय आणि ते कायम. मे महिन्यात क्विसलिंग स्टाबेकच्या शाळेत जाऊन ओरडला की तुम्ही शिक्षकांनी माझं सगळं वाटोळं केलंत. त्याच्यापुढे उभे होते ते वर्गावरचे शिक्षक. शिक्षकांवर संघटना लादायचा बेत त्याला गुंडाळावा लागला, नोव्हेंबरपर्यंत किर्केनेसचे लोक परतले. श्रेय वाटायचं तर आधी त्यांना द्या.

वाचनवेडा:
द्या की. पण म्हणून पुस्तकं वाचायचीच नाहीत, हे मला मान्य नाही.