जुनी पिकअप जास्त टिकते की नवी?

मालवाहू (प्रश्न)

नमस्कार. शेतमाल आणि बांधकामाचे सामान वाहून नेण्यासाठी मला एक पिकअप घ्यायची आहे. समोर दोन गाड्या आहेत. एक नव्वदच्या दशकातली असून तिला यांत्रिक डिझेल पंप आहे आणि टर्बो नाही. दुसरी चार-पाच वर्षे वापरलेली, टर्बो आणि कॉमन रेल (एकाच नळीतून सर्व इंजेक्टरना मोठ्या दाबाने डिझेल पुरवणारी यंत्रणा) असलेली आहे. ओळखीतले बहुतेक जण जुनीच घ्या म्हणतात. पूर्वीचा पत्रा जाड होता, इंजिने लाखो किलोमीटर चालत आणि आजच्या गाड्या मुद्दामच कमी टिकणाऱ्या बनवतात, असे त्यांचे म्हणणे आहे. मला त्यामागची कारणे समजून घ्यायची आहेत. टिकाऊपणा नेमका कोणत्या भागात होता, आणि नव्या गाड्यांत तो कुठे वाढला व कुठे घटला? माझ्या फेऱ्या बहुतेक जवळच्या असतात, ओझे बऱ्यापैकी असते आणि गाडी किमान दहा वर्षे ठेवायची आहे.

पाना_दहाबारा

ओळखीतल्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. आज रस्त्यावर दिसणाऱ्या जुन्या पिकअप म्हणजे त्या काळच्या गाड्यांपैकी तगून राहिलेल्या मोजक्या गाड्या. त्यांच्या बरोबरीच्या बहुसंख्य गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच अमेरिकी गाड्यांच्या किलोमीटर-काट्याला (खरे तर मैल-काट्याला) पाचच आकडे असत आणि ९९,९९९ नंतर तो शून्यावर येई, कारण एक लाख मैल, म्हणजे सुमारे १,६०,००० किलोमीटर, हेच गाडीचे आयुष्य समजले जाई. आजचे नीट सांभाळलेले इंजिन त्या अंतरावर ऐन उमेदीत असते.

पेट्रोल इंजिनाबाबत याचे कारण स्पष्ट आहे. कार्बोरेटरची गाडी थंड असताना चोक ओढून सुरू केली की सिलिंडरमध्ये गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जाई, ते भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढी आणि रिंगांच्या बाजूने खाली उतरून ऑइल पातळ करी. त्यात शिसेयुक्त पेट्रोलचे साके प्लगवर आणि व्हॉल्व्हवर बसत, ते वेगळेच. जुन्या इंजिनाचे हेड उघडल्यावर बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीच्या, वरच्या टोकाला, जिथे वरची रिंग थांबते तिथे, नख अडकेल एवढी कड जाणवते. इंजेक्शन असलेल्या अलीकडच्या इंजिनात दोन लाख किलोमीटरनंतरही होनिंगच्या (कारखान्यात सिलिंडरची भिंत घासताना पाडलेल्या) तिरकस रेघा पुष्कळदा शाबूत दिसतात.

जुन्यांमध्ये नाव कमावलेली इंजिने होती आणि त्यांच्या लौकिकाला कारणेही होती. फोर्डचे ३०० घनइंची, म्हणजे ४.९ लिटरचे, एका रांगेतले सहा सिलिंडरचे इंजिन १९६५ ते १९९६ पर्यंत निघत होते. त्याच्या क्रँकला सात मेन बेअरिंग होत्या, कॅमशाफ्ट चेनऐवजी गिअरवर फिरे आणि सारी ताकद कमी फेऱ्यांतच मिळे. पण दंतकथा झालेल्या इंजिनांतही खोट असते. टोयोटाच्या पिकअपमधले २.४ लिटरचे २२आर घ्या. त्याच्या ऐंशीच्या दशकातल्या आवृत्तीत टायमिंग चेनचे प्लास्टिकचे गाइड तुटत, सैल झालेली चेन टायमिंग कव्हर घासत राही आणि शेवटी भोक पडून रेडिएटरचे पाणी ऑइलमध्ये मिसळे.

आता आपल्या डिझेल गाडीविषयी, कारण तिथे हिशेब उलटा होतो. जुना यांत्रिक पंप काहीशे बारच्या दाबावर चाले आणि थोडे मळके डिझेल पचवत असे. कॉमन रेलमध्ये दाब १,६०० ते २,५०० बारपर्यंत जातो आणि आतल्या भागांमधले अंतर मायक्रॉनमध्ये मोजले जाते, त्यामुळे डिझेलमध्ये पाणी किंवा कचरा आला तर आधी पंप खराब होतो आणि मग त्याचा कीस रेलमधून सगळ्या इंजेक्टरपर्यंत पोहोचतो. त्याहून महत्त्वाचा मुद्दा आपल्या जवळच्या फेऱ्यांचा. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर स्वतःला साफ करण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत तापावा लागतो, आणि तेवढी उष्णता आणण्यासाठी बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्येच उशिराने जादा डिझेल फवारले जाते. फेरी छोटी असली की हे काम अर्ध्यावर तुटते, पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते आणि न जळलेले डिझेल भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. कार्बोरेटरबरोबर गेलेला आजार असा मागच्या दाराने परत आला आहे.

तांबेरा

वरच्या प्रतिसादातले इंजिनाचे विवेचन मला पटते, पण त्यात मूळ प्रश्न थोडा बाजूला राहिला आहे. इंजिन बदलता येते, गिअरबॉक्स बदलता येतो. पिकअप खऱ्या अर्थाने संपते ती चासी गेल्यावर.

पत्र्याच्या जाडीचा आणि टिकण्याचा संबंध लोक समजतात तेवढा नाही. जाड पण उघडा पोलादी पत्रा सांध्यांमध्ये आतून सडतो. जस्ताचा थर दिलेला आणि विजेच्या साहाय्याने प्रायमरच्या टाकीत बुडवून रंगवलेला पातळ पत्रा त्याच्यापेक्षा कितीतरी वर्षे अधिक टिकतो. २०१५ च्या मॉडेलपासून फोर्डच्या एफ-१५० ची बॉडी तर अॅल्युमिनियमची झाली. तिला पोलादासारखा तांबडा गंज चढत नाही. चासीचे मात्र तसे नाही. जुनी चासी पन्हळीसारखी एका बाजूने उघडी असे, ओझ्याखाली पिळली जाई, पण पाण्याचा फवारा मारून धुता येई. बऱ्याच नव्या पिकअपमध्ये ती चारही बाजूंनी बंद, पेटीसारखी असते. पिळाला अधिक ताठ, पण आत शिरलेला चिखल आणि मीठ तिथेच मुक्काम करतात. टोयोटाच्या २००५ ते २०१० च्या टाकोमा आणि त्याच सुमाराच्या टुंड्रा व सेक्विया गाड्यांच्या चासी गंजल्याबद्दल अमेरिकेत खटला झाला आणि सुमारे ३.४ अब्ज डॉलर मूल्याची तडजोड झाली. टिकाऊपणासाठी नावाजलेल्या कंपनीची ही गोष्ट आहे, आणि गाड्या काही साठ-सत्तरच्या दशकातल्या नव्हेत.

दोन्ही गाड्या पाहताना आडवे होऊन मागच्या अॅक्सलच्या वरचा भाग आणि पाट्यांचे हँगर जिथे जोडले आहेत ती जागा तपासा. छोट्या हातोडीने ठोकत गेल्यास निरोगी पोलाद खणखणीत वाजते. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले, तर स्क्रूड्रायव्हरचे टोक जोराने दाबून पाहा. विकण्याआधी नुकताच काळा रंग मारलेली चासी असेल, तर अधिकच बारकाईने.

वायरमन

एक भर घालतो. जुन्या यांत्रिक डिझेलला चालत राहण्यासाठी विजेची गरज जवळजवळ नसते. फार तर डिझेल बंद करणारी एक सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप). नव्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि चावी यांचे कंट्रोलर एकमेकांशी बोलत असतात, आणि एखाद्या सेन्सरने चुकीचा आकडा दिला की इंजिन स्वतःची ताकद कमी करून घेते. सेन्सर बदलणे सोपे असते. पण मॉडेल बंद होऊन बरीच वर्षे झाल्यावर कंट्रोलर मिळत नाही, आणि मिळाला तरी त्याला गाडीशी जुळवून देणारे हवे असते. दहा वर्षे गाडी ठेवायची तर तिच्या सुट्या भागांचा पुरवठा किती वर्षे चालेल, याचा विचार मी किलोमीटरच्या आधी करीन.

तरीही जुन्या गाडीच्या दणकटपणावर भाळू नये. धडकेत दुमडण्यासाठी न बनवलेली ताठ चासी स्वतः शाबूत राहते आणि धक्का आतल्या माणसांना देते. एअरबॅग आणि एबीएस नसलेल्या गाडीत रोज ओझे वाहायचे का, हे टिकाऊपणापेक्षा मोठे गणित आहे.

मालवाहू

सर्वांचे आभार. नव्या गाडीत काजळीचा फिल्टर आहे, आणि माझी फेरी क्वचितच पंधरा-वीस मिनिटांपेक्षा मोठी असते. मग ती गाडी बादच समजावी का?

पाना_दहाबारा

लगेच बाद करू नका. आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास सलग चालवणे शक्य असेल, तर फिल्टर निभावून नेईल. तेवढेही शक्य नसेल, तर एअरबॅग आणि एबीएस असलेली, साध्या पोर्ट इंजेक्शनची (पेट्रोल सिलिंडरबाहेर, हवेच्या वाटेत फवारणारी) पेट्रोल पिकअप शोधावी. इंधन जास्त जाईल, पण हा त्रास तिला नाही. नव्वदच्या दशकातली गाडी मी केवळ चासी निर्दोष निघाली आणि पंपाचे काम जाणणारा माणूस जवळ असला तरच घेईन.

नवीचीच निवड केलीत, तर घेण्यापूर्वी इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी ओढून पाहा. पातळी वरच्या खुणेच्याही वर गेलेली असेल आणि पट्टीला डिझेलचा वास येत असेल, तर आधीच्या मालकाच्या फेऱ्याही आपल्यासारख्याच छोट्या होत्या असे समजावे.