टेक्स्टाइल घेतलं तर पोरगं 'मिल'मध्ये सडेल म्हणे

रिंगफ्रेम
काल पालकांच्या एका ग्रुपवर इंजिनिअरिंगच्या शाखेबद्दल सल्ला वाचला: "मेकॅनिकल घ्या, सिव्हिल घ्या, पण टेक्स्टाइल नको. नागपूरच्या मिल केव्हाच बंद पडल्या, पोरगं सूत काततच म्हातारं होईल." खाली सत्तर अंगठे. तिथं उत्तर दिलं तर ॲडमिननं उडवलं, म्हणून इथं.

बावीस वर्षं याच धंद्यात आहे. पहिली चार हिंगणघाटकडे सूतगिरणीत, मग गुजरातेत नॉनवोव्हनमध्ये, म्हणजे न विणता बनवलेल्या कापडात. टेक्स्टाइल म्हणजे लुगडी-चादरी एवढंच डोक्यात असेल तर घरातला एन-९५ मास्क फाडून बघा. मधला पातळ थर मेल्टब्लोनचा. पॉलिप्रॉपिलीन वितळवायचं, डायच्या बारीक भोकांतून सोडायचं, बाहेर पडतं न पडतं तोच दोन्हीकडून गरम हवेचा झोत. तंतू १ ते ५ मायक्रॉनचा होतो. त्यावर विजेचा भार चढवायचा, म्हणजे धूळ नुसती अडत नाही, ओढली जाते. भार नीट चढला नाही तर कापड दिसायला तेच, पण गाळायला अगदीच कुचकामी. २०२० च्या एप्रिलात आमच्याकडे तीन रात्री हेच झालं. रोलच्या रोल फेकले.

आणि नागपुरात काय आहे म्हणाल, तर विमानतळाजवळच्या मिहान उद्योग क्षेत्रात बोइंग ७८७ चे फ्लोअर बीम बनतात, कार्बन फायबर कंपोझिटचे. हा कार्बन फायबर बहुतेक वेळा स्वेटरच्या ॲक्रिलिकच्याच भावकीतल्या तंतूपासून होतो. आधी २००-३०० अंशांवर हवेत भाजायचा, मग १००० च्या वर, हवा लागू न देता. स्वेटरचा चुलतभाऊ विमानात बसलाय.

इतवारीवाला
वा भाऊ. आता सांगा, त्या बीमवर टेक्स्टाइलवाले किती? माझ्या साळ्याचा पोट्टा टेक्स्टाइल करून चार महिने नागपुरात चपला झिजवत फिरला. शेवटी सिल्वासा, बारा तासांची शिफ्ट. आता बँकेच्या परीक्षा देऊन राह्यला. तुमचे मायक्रॉन त्याले सांगा.

रिंगफ्रेम
पुण्याला आयटीत गेलेला पोरगा चालतो, सिल्वासाला गेला की लगेच 'सडला'. नागपूर सोडायचंच नसेल तर बऱ्याच शाखा बाद होतात, एकट्या टेक्स्टाइलवर खापर कशाला?

गाठीवाला
तुमचं दोघांचंही भलतंच सुरू आहे. कापूस विदर्भाचा, कापूस संशोधन संस्था १९७६ पासून नागपुरात, अन् बुटीबोरीले मोठा कारखाना कशाचा? पॉलिएस्टरचा! आमच्या जिनिंगमध्ये सरकी काढून १७० किलोची गाठ बांधली की ट्रक निघाला तमिळनाडूले. रुई इथली, पैसा तिथला. एम्प्रेस मिल असती तं...

इतवारीवाला
असती तं काय? टाटांनी १८७७ ले काढली, १९८६ ले हात वर केले, मग सरकारनं २००२ पर्यंत ओढली. कामगारांनीच बुडवली.

आज्याचा नातू
कामगारांनी? माझा आजा तिथं विव्हिंगमध्ये होता. मागांच्या खडखडाटात काही ऐकू यायचं नाही, म्हणून माणसं ओठ वाचायची. घरीही तो आधी आमच्या तोंडाकडे बघायचा. पाठमोरं बोललं की उत्तर नाही. कान मिलमध्ये गेले त्याचे, आणि मिल त्यानं बुडवली? इंग्लंडातलं लँकेशायर म्युल या जुन्या कताई यंत्राला चिकटून होतं तेव्हा जमशेटजींनी इथं रिंग स्पिंडल ही नवी चाती आणली. आणि माझा आजा शेवटपर्यंत जुन्याच मागावर. नव्या यंत्रांत पैसा कोणी घातला नाही, ते बोला.

इतवारीवाला
माझा बाप युनियनमध्ये होता, मले शिकवू नका. आज्याचा मान ठेवून गप बसतो.

आज्याचा नातू
गप बसलात तर बरंच.

गाठीवाला
अन् आता तिथं मॉल. त्यात सुती शर्ट अडीच हजाराले.

इतवारीवाला
तुम्ही काय घालून राह्यले सध्या? डीपीत तं टेरिकॉट दिसते.

गाठीवाला
तो लग्नातला सूट आहे. वेगळा विषय.

पाचपावलीची सून
मिल झाली, सूट झाला. मुलींचं कोणी विचारतच नाही. मी नांदेडहून टेक्स्टाइल केलं. सूतगिरणीत पहिल्याच दिवशी म्हणाले, मॅडम, तुम्ही लॅब बघा. आठ वर्षं एचव्हीआय या तपासणी यंत्रावर कापसाचे नमुने: लांबी, ताकद, मायक्रोनेअर (तंतू किती बारीक, किती पक्व, त्याचा आकडा). मायक्रोनेअर ३.५ च्या खूप खाली गेला, तंतू कच्चा आहे, रंगाईत पांढरे ठिपके येतील, असं मी लिहून द्यायचं. खरेदीवाले माल उतरवून मोकळे. ठिपके आले की फोन मला. प्रॉडक्शन मागितलं तर "रात्रपाळीत लेडीज नको." रिंगफ्रेम, तुमच्या प्लांटमध्ये बाई शिफ्ट इंचार्ज किती?

रिंगफ्रेम
एकही नाही.

इतवारीवाला
घ्या! विमानात स्वेटर बसला, बाई खालीच.

रिंगफ्रेम
हे मान्य करतो. आणि मिहानचंही अर्धं मान्य, तिथं टेक्स्टाइलवाले मोजकेच असतील. म्हणूनच म्हणतो, सूत-विणकामावर थांबू नका, पॉलिमर शिका, कंपोझिट शिका. आयआयटी दिल्लीनं विभागाच्या नावात 'फायबर' घातलंय ते काय शोभेला?

इतवारीवाला
म्हणजे टेक्स्टाइल घ्या, पण टेक्स्टाइल करू नका. बरं. साळ्याले कळवतो.

पाचपावलीची सून
माझ्या नणंदेच्या मुलीनं यंदा पहिला पर्याय टेक्स्टाइलच टाकलाय, मला न विचारता. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, माझं मलाच ठरवता येत नाहीये.

गाठीवाला
कुठं? नांदेड का इचलकरंजी?

पाचपावलीची सून
व्हीजेटीआय.

गाठीवाला
मंग गेली बाप्पा मुंबईले. कापसासारखीच.