मदत हवी आहे: हॅमर कोरल नऊ दिवस मिटलेलं, आता सांगाडा दिसायला लागला

मंडळी, माझं डोकं चालेनासं झालंय म्हणून विचारतोय.

संप (टँकला जोडलेली पाणी गाळायची वेगळी टाकी) धरून साधारण १८० लिटर खारं पाणी, प्रवाळांचा टँक चौदा महिने जुना. त्यात तीन हेडचं (फांदीच्या टोकाला एकेक मांसल तोंड) फांद्यांचं हॅमर आहे. सात महिने रोज दिवे लागले की तासाभरात मुठीएवढं फुगायचं. गेले नऊ दिवस दोन हेड अर्धवट फुगतात, तिसरं अजिबात नाही. काल रात्री टॉर्च मारून बघितलं तर तिसऱ्याच्या कडेचं मांस खाली सरकलंय आणि सांगाड्याच्या उभ्या पात्या कंगव्याच्या दातांसारख्या उघड्या पडल्यात. रंग मात्र तसाच आहे, तपकिरी-हिरवा.

आजचे आकडे: तापमान २५.८, खारटपणा १.०२५ (रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं यंत्र), नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०४, कॅल्शियम ४३०, मॅग्नेशियम १३२०, अल्क (अल्कलिनिटी, पाण्याची आम्ल सोसण्याची क्षमता) ९.६ डीकेएच.

आता माझे प्रताप. अल्क ७.४ दिसलं म्हणून अल्क वाढवायचा डोस दुप्पट केला, चार दिवसांत ते ९.६ वर गेलं. कोरल मिटलं. उजेड कमी पडतोय असं वाटून ते वरच्या खडकावर ठेवलं, दोन दिवसांनी परत खाली आणलं. मग आयोडीन डिप, म्हणजे आयोडीनच्या पाण्यात थोडा वेळ बुडवलं. मग एक तृतीयांश पाणी बदललं. हे सगळं एका आठवड्यात. बायको म्हणते, "त्याला जरा एकटं सोड ना."

टँकमधली दुसरी प्रवाळं ठीक आहेत: झोअँथिड उघडी आहेत, झेनियाची उघडझाप चालू आहे. क्लाउनफिशची जोडी हॅमरच्या वाटेला जात नाही. परत डिप देऊ का? की जागा बदलू?

प्रतिसाद

वहिनींचं ऐका. डिप नको, जागा नको.

रंग टिकून मांस मागे सरकतंय, म्हणजे हे ब्लीचिंग नाही. ब्लीचिंगमध्ये मांस जागेवरच असतं, आतलं शैवाल निघून गेल्यामुळे पांढरं दिसतं. हेडवर तपकिरी, बुळबुळीत जेली आहे का, तेवढं नीट बघा. ती असेल तर ते हेड आजच खालच्या उघड्या सांगाड्यातून कापून वेगळं करा, कारण ती शेजारच्या हेडवर झपाट्याने पसरते.

चार दिवसांत अल्क २.२ ने चढवलंत, त्याचा धक्का नक्की बसलाय. पण आता घाईने खाली ओढू नका, तो दुसरा धक्का होईल. डोस पूर्वीएवढा करा.

मला खटकतंय ते दुसरंच. रिफ्रॅक्टोमीटर कशाने जुळवता? आरओ पाण्याने शून्य करत असाल तर त्या १.०२५ वर माझा विश्वास नाही. शून्याला बरोबर असणारं यंत्र समुद्राच्या पाण्याला चुकू शकतं. ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशन द्रावण टाकून बघा आणि कळवा.

धागाकर्ता

जेली नाही, वासही नाही. आणि हो, आरओ पाण्यानेच शून्य करत होतो.

द्रावण टाकलं. १.०२६ दिसायला हवं होतं, दिसलं १.०२२! चुकलं असेल म्हणून काच पुसून तीनदा टाकलं, तेच. म्हणजे माझा टँक प्रत्यक्षात १.०२९ वर आहे. दर पाणीबदलाला नवं पाणीही याच यंत्राने जुळवायचो, त्यामुळे दोन्ही बाजू एकसारख्या चुकत होत्या आणि मला कधी शंकाच आली नाही.

प्रतिसाद

१.०२९ म्हणजे अंदाजे ३८.५ पीपीटी. झोअँथिड आणि झेनिया सोसतील, हॅमर आधीच ताणलेलं होतं आणि वर अल्कची उडी.

यंत्र त्या द्रावणावर जुळवून घ्या. मग रोज ४ लिटर खारं पाणी काढून तेवढंच आरओ पाणी घाला, थेट टँकमध्ये नाही, संपमध्ये आणि हळूहळू. चार दिवसांत ३५ च्या आसपास याल. बाष्पीभवनाने उडालेल्या पाण्याची भर नेहमीसारखी वेगळी. पाणी पातळ होईल तसं अल्कही साधारण ८.७ वर येईल, ते बघून घाबरून परत डोस वाढवू नका (तुमचा इतिहास बघता हे लिहावं लागतंय).

धागाकर्ता

बारा दिवसांनी कळवतोय. खारटपणा १.०२६, अल्क ८.६. दोन हेड दुपारपर्यंत पूर्ण फुगतात, आधीएवढी नाहीत पण टोकं फुगलेली दिसतात. तिसऱ्यावर तोंडाभोवती नखाएवढं मांस उरलंय, बाकी पांढरा सांगाडा. मांस आणखी मागे गेलेलं नाही. हे हेड कापून टाकू का?

प्रतिसाद

अजिबात नको. तोंड शाबूत आहे तोवर आशा आहे, पण महिने लागतील. उघड्या सांगाड्यावर केसाळ शेवाळ चढायला लागेल, ते मऊ टूथब्रशने काढत राहा, मांसाला ब्रश लागू देऊ नका. बाकी हात टँकच्या बाहेर.