काउंटेबल की अनकाउंटेबल? तुमचे अनुभव लिहा

गवतफूल: लेकीच्या ग्रामरच्या वहीत आज 'हेअर - अनकाउंटेबल' (म्हणजे मोजता न येणारं नाम) एवढंच लिहिलेलं दिसलं आणि आमच्या इंग्रजीच्या बाई आठवल्या. आमचं इंग्रजी पाचवीपासून, पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली. बाईंनी यादी कधी पाठ करून घेतली नाही. डोक्यावरचे सगळे मिळून हेअर, पण आमटीत एक सापडला तर अ हेअर, दोन सापडले तर टू हेअर्स. शब्दावर शिक्का नसतो गं, तो कशासाठी वापरलाय ते बघ, म्हणायच्या. आता दोन रकाने आखून शब्द वाटून देतात, खरंच वाईट वाटतं. तुमच्याकडचे शब्द सांगा ना.

निवांत: चिकन! ताटात असेल तर नुसतं चिकन, अंगणात फिरत असेल तर अ चिकन. आज रविवार, पुढचं जेवून लिहितो

शाईपेन: मी कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करते. डॅमेज म्हणजे नुकसान पण डॅमेजेस म्हणजे नुकसानभरपाई. एका करारात कुणीतरी 'नुकसाने' करून ठेवलेलं, त्या बिचाऱ्या पक्षकाराला कळेचना की आपल्याला पैसे मिळणारेत. माझा फार जीव तुटला तेव्हा.

गवतफूल: बापरे ताई, हे लेकीला सांगतेच.

लेस्टरकर: इकडे इंग्लंडात चहा देताना 'वन शुगर ऑर टू' विचारतात, म्हणजे चमचे. आई पहिल्यांदा आली तेव्हा शेजारच्या आजींनी विचारलं तर ती माझ्याकडेच बघायला लागली, आता स्वतःच टू शुगर्स प्लीज म्हणते, मला इतकं भारी वाटतं ना

माहेरवाशीण: दोन चमचे!! आमच्याकडे शुगर म्हणजे डायबेटिसच, सासूबाईंचा गोड चहा बंद केलाय, रोज रुसतात

लेस्टरकर: अरेरे, काळजी घ्या काकूंची. वेलची घालून बघा.

फळा_खडू: गवतफूल ताई, यादी अगदीच वाईट नाही हो. मी मुलांची इंटरव्ह्यूची तयारी करून घेतो. फाइव्ह इयर्स ऑफ एक्सपिरियन्स, तिथे एस नको, पण आलेले बरेवाईट प्रसंग सांगायचे तर एक्सपिरियन्सेस, हे वापरातूनच कळतं, मान्य. पण फर्निचर, इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, लगेज यांना एस लागतच नाही, मोजायचं तर पीस ऑफ लावा. एवढे तरी पाठच हवेत.

गवतफूल: हे पटलं दादा. तेवढी छोटी यादी करते तिच्यासाठी.

शाईपेन: वर्क पण घाला. वर्क म्हणजे काम, वर्क्स म्हणजे बांधकामं, आपल्या पीडब्ल्यूडीतला डब्ल्यू तोच.