न्याहारीला पोहे की कडक भाकरी? ऊर्जाखर्चाबाबत मदत हवी आहे

सोलापुरात यंत्रमागाच्या सकाळच्या पाळीपूर्वी मी पोहे किंवा सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा पदार्थ) खात असे. परंतु अकराच्या सुमारास हातपाय गळत, म्हणून तीन आठवड्यांपासून अंदाजे तेवढ्याच उष्मांकांची ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही घेतो आहे, आणि थकवा कमी झाला आहे. चटणी-दह्यातील प्रथिने व स्निग्धांशामुळे ही तुलना निखळ राहत नाही, हे मान्य. मधुमेह नाही, वजन स्थिर आहे, चहा बिनसाखरेचा आहे. कर्बोदके पचवताना त्यांतील सुमारे ५ ते १० टक्के, तर प्रथिने पचवताना २० ते ३० टक्के ऊर्जा खर्ची पडते, एवढे वाचले आहे. मग कर्बोदकांचे प्रमाण तेच ठेवून केवळ ती सावकाश पचणारी निवडल्यास शरीराचा एकूण ऊर्जाखर्च खरोखर वाढतो, की रक्तातील साखर संथपणे चढल्याने फक्त तरतरी टिकते?